दोन बोटं फेस, प्लीज!

परमिट रूममधल्या मुरलेल्या वेटरचं कसब बघत राहावं असं असतं. डाव्या हातात ग्लास तिरका, उजव्या हातात बाटली आडवी, बाटलीचं तोंड ग्लासच्या काठाला टेकलेलं, आणि शनीला तेल वाहावं तशी बिअर काचेवरून अलगद खाली उतरते. ग्लास काठोकाठ भरतो. वर फेसाचा ठिपकाही नाही. गिऱ्हाईक खूश, कारण हिशेब सरळ आहे: पैसे बिअरचे मोजलेत, फेसाचे नाहीत. नवशिक्या पोऱ्याच्या हातून अर्धा ग्लास फेस झाला, की टेबलावरून लगेच आवाज येतो, "अरे भाऊ, बिअर आण, साबणाचं पाणी नको."

हाच काठोकाठ ग्लास म्युनिकमध्ये, प्रागमध्ये, ब्रसेल्समध्ये किंवा टोकियोत समोर ठेवला, तर तिथलं गिऱ्हाईक तितक्याच तावातावाने तो परत पाठवील. फेस कुठे आहे, म्हणून. आणि या भांडणात, आपल्या वेटरची क्षमा मागून, मी परदेशी गिऱ्हाइकाच्या बाजूने आहे.

दीड लिटर वायू जातो कुठे?

नेहमीच्या लागर बिअरमध्ये तिच्या आकारमानाच्या साधारण अडीच पट कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. म्हणजे आपल्या ६५० मिलीच्या बाटलीत दीड लिटरहून जास्त वायू कोंबलेला. तो कुठे ना कुठे बाहेर पडणारच. ओतताना ग्लासात थोडा मोकळा झाला तर त्याचा फेस होतो. अलगद ओतून तो बिअरमध्येच अडकवून ठेवला, तर मसाला पापडाच्या सोबतीने तो पोटात सुटतो. मग तट्ट फुगलेल्या पोटाचा दोष बिअरला, पापडाला, आदल्या दिवशीच्या जागरणाला, सगळ्यांना दिला जातो. ओतणारा मात्र नामानिराळा.

फेसाला अंगही असतं बरं का. सोडा वॉटरचा फेस क्षणात विरतो, बिअरचा टिकतो, कारण बार्लीतली प्रथिनं बुडबुड्यांभोवती पातळ कवच धरतात आणि हॉप्समधली कडू द्रव्यं त्या कवचाला बळकटी देतात. बुडबुडा फुटला की त्याच्यासोबत वास हवेत उडतो. बिअरची निम्मी गंमत नाकात असते, हे सर्दी झाल्यावर बिअर पिऊन पाहिलेल्या कुणालाही पटेल.

ओतायची रीत अवघड नाही. ग्लास ४५ अंशांत तिरका धरायचा, अर्धा भरेपर्यंत बिअर कडेवरून सोडायची, मग ग्लास सरळ करून उरलेली थेट मधोमध ओतायची. वर दोन बोटं फेस यायला हवा. जास्त आला तर थांबायचं, फुंकर मारायची नाही, बोट तर मुळीच घालायचं नाही. बोट घातल्यावर फेस बसतो हे खरं आहे. बोटावरचं तेल त्याला मारतं.

फरसाण, लिपस्टिक आणि खारे दाणे

साबणाच्या टोमण्यात एक गंमत दडली आहे. ग्लासला राहिलेला साबण बिअरचा फेस वाढवत नाही, उलट मारतो. तेल-तुपाचंही तेच. शेव-चकली खाऊन ग्लासला ओठ लावले, की दोन घोटांत फेस गायब. लिपस्टिकमधल्या मेणा-तेलाने तेच होतं. दुधाच्या किंवा लस्सीच्या ग्लासात बिअर ओतली तर फेस धरतच नाही, मग ती बिअर कितीही महागाची असो.

ग्लास खरंच स्वच्छ आहे का, हे ओळखण्याच्या दोन खुणा आहेत. एक म्हणजे आतल्या बाजूला चिकटून बसलेले बुडबुडे. ते जिथे दिसतील तिथे चिकटपणा किंवा धूळ आहे असं खुशाल समजा. दुसरी खूण पीत असताना दिसते. स्वच्छ ग्लासात प्रत्येक घोटानंतर काचेवर फेसाचं एक कडं मागे राहतं. ग्लास संपेपर्यंत अशी कडी एकाखाली एक जमतात आणि किती घोटांत संपवली याची जाहीर नोंद होते. बारवाले आणखी एक चाचणी करतात: धुतलेल्या ओल्या ग्लासात आतून मीठ भुरभुरवतात. सगळीकडे सारखं चिकटलं तर ग्लास पास, जिथे टक्कल पडलं तिथे तेलाचा थर.

मिठावरून आठवलं. बिअरमध्ये चिमूटभर मीठ टाकून 'गॅस काढणारे' आपल्याकडे भरपूर. मिठाच्या खडबडीत कणांवर विरघळलेला वायू भराभर बुडबुडे धरतो, म्हणून तो एकदम उसळतो. क्लृप्ती चालते, बिअर खारट होते, आणि मुळात नीट ओतली असती तर मिठाची गरजच नव्हती.

खाऱ्या दाण्यांचं मात्र मी कौतुकच करणार. ब्युनोस आयर्सच्या बारमध्ये बिअरच्या ग्लासात भाजलेले शेंगदाणे टाकायची पद्धत आहे. दाणा आधी बुडतो, मग अंगावर बुडबुडे गोळा करून वर येतो, वर बुडबुडे फुटले की पुन्हा बुडतो, आणि हा नाच बराच वेळ चालतो. लुईझ परेरा नावाच्या ब्राझिलियन संशोधकाने तो पाहिला आणि म्युनिकला जाऊन त्यावर चक्क शास्त्रीय निबंध लिहिला. २०२३ मध्ये तो रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. जमिनीखालच्या शिलारसात खनिजं कशी तरंगतात हे समजायला दाण्यांचा नाच उपयोगी पडेल, असं त्यांचं म्हणणं. चकणा इतका वर कधी गेला नव्हता.

फेसावर डॉक्टरेट

म्युनिकचेच भौतिकशास्त्रज्ञ आर्न्ड लाइके यांनी तीन बिअर घेतल्या, ओतल्या आणि घड्याळ लावून फेस मोजत बसले. किरणोत्सारी पदार्थ ज्या गणिती नियमाने क्षय पावतो त्याच नियमाने बिअरचा फेसही बसतो, हे त्यांनी दाखवलं. तिघींत एर्डिंगर या गव्हाच्या बिअरचा फेस सर्वांत चिवट ठरला. या कामाला २००२ चं इग नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला ते देतात.

फ्रान्सचे जेरार लिजे-बेलेर हे शँपेनच्या बुडबुड्यांचे जाणकार. २०२१ मध्ये त्यांनी बिअरकडे मोर्चा वळवला आणि गणित मांडलं, की हलक्या हाताने ओतलेल्या पाव लिटर लागरमध्ये दोन लाखांपासून जवळजवळ वीस लाखांपर्यंत बुडबुडे तयार होतात. मोजायला कुणाला बसवू नका.

वेटरांच्या कामाची गोष्ट प्रिन्स्टनच्या संशोधकांनी शोधली. बुडबुड्यांचे जेमतेम पाच थर वर असले, तरी ग्लासातला द्रव हिंदकळणं बरंच कमी होतं. बिनफेसाचे काठोकाठ ग्लास ट्रेमधून नेणारा आपला वेटर म्हणजे सर्कसच करत असतो.

आणि मित्राच्या उघड्या बाटलीवर आपल्या बाटलीचं बूड आपटून त्याची बिअर उतू घालवणाऱ्या महाभागांसाठी: त्या खोडीमागचं भौतिकशास्त्रही माद्रिदच्या संशोधकांनी २०१४ मध्ये उलगडलं. ठोक्याची लाट बाटलीत वर-खाली पळते, बुडबुडे फुटून त्यांचे बारीक बारीक तुकडे होतात, ते झपाट्याने फुगतात आणि वर धावतात. मित्र का रागावतो, याला संशोधनाची गरज पडली नाही.

११९.५ सेकंद

ओतण्याचा सोहळा कुणी करावा, तर आयर्लंडने. ड्राफ्ट गिनेस एका दमात ओतत नाहीत. ४५ अंशांत धरलेला ग्लास तीन चतुर्थांश भरायचा, ठेवून द्यायचा, आतलं तपकिरी वादळ शांत होऊन काळी बिअर आणि सायीसारखा पांढरा थर वेगळे झाले की उरलेली भरायची. कंपनीच्या जाहिरातींनी याला ११९.५ सेकंद लागतात असं ठरवून टाकलं. अर्धा सेकंद कुठून आला विचारू नका. जाहिरात खात्यात अर्ध्या सेकंदाला फार किंमत असते.

सायीचं गुपित नायट्रोजनमध्ये आहे. तो बिअरमध्ये मोठ्या नाखुशीने विरघळतो, बुडबुडे अगदी बारीक होतात आणि फेस मखमली बनतो. १९५९ मध्ये गिनेसमधल्या मायकेल अॅश या गणितज्ञाच्या चमूने ही नायट्रोजनची पद्धत बसवली. मग प्रश्न आला, कॅनमधून घरी पिणाऱ्याने काय करायचं? उत्तर म्हणून कॅनमध्ये एक पोकळ प्लास्टिकचा गोळा आला. पिंग पाँगच्या चेंडूएवढा नाही, थोडा लहान, आणि त्याला बारीकसं भोक. कॅन उघडताच दाब उतरतो, गोळ्यातला नायट्रोजन त्या भोकातून पिचकारी मारतो आणि घरातल्या घरात पबचा फेस. कॅनमधल्या या युक्तीला १९९१ मध्ये ब्रिटनचा तंत्रज्ञानासाठीचा राणीचा पुरस्कार मिळाला.

गिनेसच्या ग्लासकडे नीट पाहिलं तर बुडबुडे खाली जाताना दिसतात. पिणाऱ्यांनी वर्षानुवर्षं हे पाहिलं आणि आपल्याला जरा जास्त झाली असं समजून गप्प बसले. २००४ मध्ये स्टॅनफर्डचे रिचर्ड झेअर आणि एडिंबराचे अँड्र्यू अलेक्झांडर यांनी वेगवान कॅमेरा लावून त्यांना न्याय मिळवून दिला. मधले बुडबुडे वर चढताना बिअरही वर ओढून नेतात, ती बिअर कडेने खाली उतरते, आणि कडेचे बारीक बुडबुडे तिच्याबरोबर फरफटत खाली जातात. पुढे लिमरिक विद्यापीठाच्या गणितज्ञांनी दाखवलं, की याला वर रुंद होत जाणारा ग्लास कारणीभूत आहे. उलट्या आकाराच्या ग्लासात बुडबुडे निमूटपणे वरच जातात.

ग्लासभर फेस, तोही विकत

दरडोई बिअर पिण्यात झेक लोक वर्षानुवर्षं जगात पहिले आहेत, त्यामुळे त्यांचं ऐकायला हवं. १८४२ मध्ये त्यांच्या प्लझेन शहरात योसेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रुअरने सोनेरी पिल्सनर बनवली. आज जगभर 'बिअर' म्हटल्यावर डोळ्यांसमोर जो पिवळा पारदर्शक ग्लास येतो, त्याचं मूळ तिथलं.

तिथे बिअर एकच, पण ओतायचे प्रकार अनेक. 'ह्लादिन्का' हा रोजचा: दाट, ओलसर फेसाचा जाड थर आणि त्याखाली बिअर. 'श्निट'मध्ये बिअर कमी, फेस जास्त, आणि ग्लास वरून थोडा रिकामा. 'म्लीको' म्हणजे दूध: जवळजवळ सगळा ग्लास फेसाने भरलेला, तळाशी बोटभर बिअर. हा एका दमात प्यायचा, गोडसर लागतो. आपल्या परमिट रूममध्ये म्लीको आणून ठेवला, तर मॅनेजरला बाहेर यावं लागेल.

झेक नळालाही शिस्त वेगळी. इतर बहुतेक ठिकाणी नळाचं तोंड बिअरला लागणं हा घाणेरडेपणा समजतात. तिथला ओतणारा आधी फेस सोडतो, मग नळाचं तोंड त्या फेसाखाली ठेवून बिअर भरतो, म्हणजे तिला हवाच लागत नाही. हे चालतं, कारण नळ आणि नळ्या लखलखीत ठेवतात. नळीची सफाई ही ड्राफ्ट बिअरची खरी गोम आहे. अमेरिकेतल्या ब्रुअरांच्या संघटनेचा दंडक दर दोन आठवड्यांनी नळी धुवायचा. ड्राफ्ट बिअरला व्हिनेगरचा आंबट किंवा लोण्याचा वास आला, तर ब्रुअरीवर खापर फोडण्याआधी नळीची चौकशी करा.

मस्तक उडवा

बेल्जियममध्ये जवळजवळ प्रत्येक बिअरला तिचा स्वतःचा ग्लास असतो, आणि ते संपले असतील तर काही बारवाले दुसऱ्या ग्लासात ती बिअर द्यायला कां-कू करतात. घोडागाडीवानासाठी बनवला असं ज्याच्याबद्दल सांगतात, तो क्वाक बिअरचा ग्लास तळाला गोल असल्याने टेबलावर उभाच राहत नाही, त्याला लाकडी स्टँड लागतं. गेंट शहरातल्या 'डुले ग्रीट' नावाच्या बारमध्ये अशा मोठ्या ग्लासात बिअर हवी असेल, तर अनामत म्हणून पायातला एक बूट द्यावा लागतो. तो टोपलीत घालून छताला टांगतात. ग्लास परत, तर बूट परत.

स्टेला आर्टुआ या बेल्जियन कंपनीने ओतण्याच्या नऊ पायऱ्या ठरवल्या आणि त्यांची जगभर स्पर्धाही लावली. पायऱ्यांची नावं एखाद्या ऐतिहासिक नाटकातली वाटावीत: नळातून आलेला पहिला फेस फेकून देणं म्हणजे 'बलिदान', वर आलेला फेस सुरीने ४५ अंशांत कापणं म्हणजे 'शिरच्छेद'. कापतात ते मोठे, ढिले बुडबुडे. ते राहिले तर खालचा बारीक फेसही लवकर बसतो. बेल्जियमची ही बिअर संस्कृती २०१६ पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहे.

जर्मन गव्हाच्या बिअरची तऱ्हा आणखी निराळी. बाटलीतली बहुतेक बिअर उंच ग्लासात ओतायची, तळाशी थोडी उरली की बाटली गोल फिरवायची आणि बसलेलं यीस्ट उठवून फेसावर सोडायचं. गढूळपणा इथे दोष नाही, दागिना आहे. चिअर्स करताना या ग्लासांची जाड बुडं एकमेकांना भिडवतात, कारण वरची कड पातळ असते. पुण्यात २००९ मध्ये 'डूलाली' सुरू झाल्यापासून महाराष्ट्रातल्या मायक्रोब्रुअऱ्यांत ही केळ्या-लवंगेच्या वासाची बिअर चांगलीच रुळली. गढूळ दिसते म्हणून ती परत पाठवू नका.

पुरे म्हणायचं कसं?

कोलोन शहरात कोल्श ही बिअर फक्त २०० मिलीच्या बारीक, उभ्या ग्लासात येते. ग्लास संपला की वेटर न विचारता दुसरा ठेवतो आणि ग्लासखालच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने रेघ ओढतो. तुम्ही नको म्हणालात तरी चौथा येतो. थांबवायची खूण एकच: तो पुठ्ठा उचलून रिकाम्या ग्लासवर झाकायचा. लगद्याच्या या चकतीचं पेटंट १८९२ मध्ये ड्रेस्डेनच्या रॉबर्ट स्पुटने घेतलं होतं.

जपानमध्ये स्वतःचा ग्लास स्वतः भरणं अशिष्ट. शेजाऱ्याने तुमचा भरायचा, तुम्ही त्याचा. बाटलीचं लेबल वर, ग्लास दोन्ही हातांत, आणि प्रमाण सात भाग बिअर, तीन भाग फेस. आपला ग्लास रिकामा आहे हे दाखवायचं असेल, तर शेजाऱ्याचा भरायला घ्यायचा. तो ओशाळून बाटली हातातून घेतोच.

मापात पाप

बिअर कमी दिली म्हणून भांडण्याची परंपरा फार जुनी. सुमेरियन लोक घागरीतून लांब नळ्यांनी बिअर ओढत, त्यामुळे तिथे फेसाचा वाद नसावा. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या ऊर नगरीतल्या राणी पुआबीच्या कबरीत सापडलेल्या एका मुद्रेवर ती मैफल कोरलेली आहे. पण बॅबिलोनच्या हम्मुराबीच्या कायद्यात गिऱ्हाइकाला मापात नाडणाऱ्या मद्यविक्रेतीला थेट पाण्यात फेकण्याची शिक्षा सांगितली आहे. आपलं वजनमापं खातं त्या मानाने फारच सौम्य.

म्युनिकमध्ये कमी भरणाऱ्या बारवाल्यांवर पाळत ठेवणारी नागरिकांची एक संघटनाच आहे, आणि ऑक्टोबरफेस्टमधले एक लिटरचे मग तिचं मुख्य लक्ष्य. तिथल्या ग्लासांवर मापाची रेघ असते: रेघेपर्यंत बिअर, त्यावर फेस. भांडण मिटलं. आपल्या पबवाल्यांनी एवढी एक रेघ मारली, तर 'फेस नको' म्हणणारं अर्धं गिऱ्हाईक शांत होईल.

ब्रिटनमध्ये रेघ नसलेला ग्लासच जास्त चालतो, म्हणून वाद जिवंत आहे. तिथल्या व्यवसायाचं म्हणणं, ग्लासात किमान ९५ टक्के द्रव असला की झालं. १९७१ पासून खऱ्या एलसाठी झगडणारी 'कॅमरा' ही संघटना शंभर टक्के मागते. शिवाय देशातच दोन तट: उत्तरेकडचे नळाला बारीक भोकांची टोपी लावून दाट फेस काढतात, दक्षिणेकडचे त्याला नाक मुरडतात.

आणि 'पाइंट' मागताना सावध. आपल्याकडे पाइंट म्हणजे ३३० मिलीची छोटी बाटली. ब्रिटनमध्ये ५६८ मिली, अमेरिकेत ४७३, तर दक्षिण ऑस्ट्रेलियात ४२५. लंडनला गेलेला पुणेकर 'दोनच पाइंट घेतले' म्हणाला, तर ते लिटरच्या वर गेलेत.

चिल्ड आणि सोऱ्याची गोष्ट

आपल्याकडे बिअरला एकच विशेषण: चिल्ड. त्यात चूक नाही, मे महिन्यातल्या नागपुरात बसून कुणी बारा अंशांची बिअर पिऊन दाखवावी. हलक्या लागरला ४ ते ७ अंश शोभतात. पण काळ्या स्टाउटला किंवा दमदार एलला इतकं गारठवलं की जीभ बधिर होते आणि जादा पैसे मोजलेली चव कळतच नाही. ब्रिटिश पिंपातली एल ११ ते १३ अंशांवर देतात. तिला 'गरम बिअर' म्हणणं हा अन्याय आहे, ती तळघराइतकी थंड असते.

फ्रीझरमधून काढलेला, पांढरा बर्फ धरलेला मग दिसतो झकास, करतो नुकसान. आतले बर्फाचे कण बिअरला भसाभसा फेस आणतात, मग वितळून तिच्यात पाणी घालतात. ग्लास थंड पाण्याने खळबळून घेतलेला पुरे. बाटली फ्रीझरमध्ये विसरणाऱ्यांना सांगायला नको: पाणी गोठताना नऊ टक्क्यांनी फुगतं, काच फुगत नाही.

बर्फ नव्हता तेव्हा? कंपनी सरकारच्या काळात साहेबाच्या घरी 'आबदार' नावाचा खास नोकर असे. पाण्यात सोरा विरघळला की पाणी गार पडतं, हे ज्ञान हिंदुस्थानात मोगलांपासून होतं. आबदार त्या पाण्यात बाटल्या फिरवत बसे. मग १८३३ मध्ये 'टस्कनी' हे जहाज बॉस्टनहून गोठलेल्या तळ्यांचा बर्फ घेऊन चार महिन्यांनी कलकत्त्याला पोचलं. निघताना सुमारे १८० टन होता, पोचताना शंभरेक टन उरला. मुंबईतही पुढे या अमेरिकन बर्फासाठी खास बर्फघर बांधलं गेलं, आणि आबदाराचा धंदा बसला.

उलटं टोकही आहे. जर्मनीत हिवाळ्यात लालभडक तापवलेली लोखंडी सळई दाट बॉक बिअरमध्ये बुडवतात. साखर क्षणात करपून कॅरमल होते, फेस कोमट आणि खाली बिअर थंड. घरी करून बघू नका, पडदे पेटतील.

उन्हात ठेवू नका

रूफटॉपवर दुपारी बसायची हौस असेल, तर तपकिरी बाटलीची बिअर घ्या. ऊन हॉप्समधल्या कडू द्रव्यांना मोडतं आणि गंधकाचं एक संयुग तयार होतं. अमेरिकेतला स्कंक हा प्राणी शत्रूवर जो दुर्गंध फवारतो, त्याच्या जातीचं. एका लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं. तपकिरी काच तो प्रकाश बराच अडवते, हिरवी फारसा नाही, पांढरी मुळीच नाही. हिरवी बाटली 'इंपोर्टेड' दिसते म्हणून उन्हात मिरवली, की काही मिनिटांत काम तमाम.

बाटलीच्या झाकणाचे दात मोजलेत कधी? एकवीस. बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरने १८९२ मध्ये याचं पेटंट घेतलं, तेव्हा चोवीस असत. त्याने आपल्या एका सेल्समनला सल्ला दिला: लोक वापरून फेकतील आणि पुन्हा विकत घेतील असं काहीतरी शोध. सेल्समनचं नाव किंग कॅम्प जिलेट. पुढे दाढीच्या ब्लेडचं काय झालं, ते आपल्याला माहीत आहेच.

पाइपलाइनची बिअर

बेल्जियमच्या ब्रूज शहरात २०१६ पासून जमिनीखालून तीन किलोमीटरहून लांब पाइपमधून बिअर वाहते, ब्रुअरीपासून बाटल्या भरायच्या कारखान्यापर्यंत. जुन्या गल्ल्यांतून टँकर नकोत म्हणून. खर्चाचा काही भाग लोकवर्गणीतून आला आणि मोठ्या देणगीदारांना आयुष्यभर बिअर फुकट. आपल्या गावच्या पाणीपुरवठा योजनेला अशी वर्गणी कुणी देणार नाही.

ऑस्ट्रेलियात मात्र पाइपचा वापर घाईपोटी झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात बऱ्याच राज्यांत पब संध्याकाळी सहाला बंद करायचा कायदा आला आणि काही ठिकाणी तो १९६० च्या दशकापर्यंत टिकला. पाचला कामावरून सुटलेली माणसं एका तासात ढोसायची. एकेक ग्लास नळाखाली धरायला सवड कुणाला? बारवाले पिस्तुलासारखी तोटी लावलेली रबरी नळी घेऊन काउंटरमागे फिरत आणि पुढे आलेले ग्लास भरत सुटत. बिअर द्यायची याहून वाईट पद्धत मला माहीत नाही. आपल्याकडचा तीन लिटरचा 'टॉवर' दुसऱ्या नंबरवर. तळापर्यंत पोचता पोचता ती बिअर कोमट आणि निर्वायू झालेली असते.

घरी करायचं असेल तर

बाटली आडवी ठेवू नका, उभी ठेवा, आणि उघडण्याआधी निदान रात्रभर फ्रिजमध्ये असू द्या. ती स्वयंपाकघरातून हिंदकळत आणली असेल तर मिनिटभर टेबलावर टेकवा. ६५० मिलीची बाटली एकट्याने पुरवून पुरवून पिण्यापेक्षा दोन ग्लासांत एकदमच ओता, उरलेली अर्धी बाटलीतच उतरते. ग्लास मोठा घ्या, म्हणजे फेसाला जागा राहील आणि बिअर कमी मिळाली असं कुणाला वाटणार नाही.

महाराष्ट्रात माइल्ड बिअरसाठी वय २१ पूर्ण हवं, कडक दारूसाठी २५, आणि कायद्याने पिण्याचा परवानाही लागतो. हो, अजूनही लागतो.

बिअरचे ग्लास दुधा-तुपाच्या भांड्यांबरोबर घासू नका. त्यांना वेगळी घासणी ठेवा, साबण पूर्ण जाईपर्यंत विसळा आणि फडक्याने न पुसता जाळीवर उपडे वाळू द्या.